वाटी जागेवर बसली, आता मांडी भरून काढायची आहे

उजव्या गुडघ्याची वाटी निसटून चौदा महिने झाले होते. चालताना दुखत नव्हतं, सूज कधीच उतरली होती आणि कुणी विचारलं तर "पाय बरा आहे आता" असं मी मनापासून सांगत होते. एका संध्याकाळी खुर्चीत बसले, दोन्ही हात छातीशी घेतले आणि एकाच पायावर उठून पाहिलं. डाव्या पायावर ११ वेळा उठले. उजव्यावर दुसऱ्याच वेळी गुडघा आत वळला आणि तिसऱ्या वेळी अंग खुर्चीवरून उचललंच गेलं नाही.

वर्षभर मी जिने चढत होते, वजनं उचलत होते, भरभर चालत होते, आणि ते सगळं डाव्या पायाच्या जिवावर चाललं होतं. पुढचे दहा महिने नेटानं काम केल्यावर उजवी मांडी डावीच्या ९२ टक्क्यांपर्यंत आली. त्या काळात काय चुकलं, काय उशिरा कळलं आणि कशानं खरंच फरक पडला, ते तुमच्यासाठी क्रमानं लिहिते आहे.

पहिले काही आठवडे उलटले आहेत, चालता येतं आहे, पण पाय अजून आपला वाटत नाही, अशांसाठी हा लेख आहे. वाटी परवाच निसटली असेल तर आधी डॉक्टर, एक्स-रे आणि बहुतेक वेळा एमआरआय. ऑपरेशन झालं असेल तर तुमच्या सर्जननं दिलेलं वेळापत्रक इथल्या प्रत्येक ओळीच्या वर. मी डॉक्टर नाही, या वाटेनं गेलेली रुग्ण आहे. हा लेख फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि त्यांच्याशी बोलूनच आपला क्रम ठरवा.

१. मांडी का वाळते, हे आधी समजून घ्या

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूनं एक खोबण असते. गुडघा वाकतो तशी वाटी त्या खोबणीतून वरखाली सरकते. पाय सरळ असताना मात्र वाटी खोबणीच्या वर, जवळजवळ मोकळी असते. गुडघा २० ते ३० अंश वाकला की ती खोबणीत नीट बसते. म्हणूनच वाटी बहुतेक वेळा गुडघा थोडासाच वाकलेला, पाऊल जमिनीवर रोवलेलं आणि अंग वळलेलं अशा क्षणी निसटते, आणि जवळपास नेहमी बाहेरच्या बाजूला जाते. आतल्या बाजूनं तिला धरून ठेवणारं एमपीएफएल नावाचं लिगामेंट त्या वेळी बहुतेकांचं ताणलं जातं किंवा फाटतं.

इथपर्यंत डॉक्टर सांगतात. मांडीचं काय होतं, हे मला फार उशिरा कळलं.

सांध्यात पाणी किंवा रक्त साठलं की मज्जारज्जूकडून मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, जाणारा हुकूमच कमी होतो. गुडघ्याचं रक्षण करण्यासाठी शरीर स्वतःच हा लगाम घालतं. निरोगी गुडघ्यात मुद्दाम द्रव सोडून पाहिलेल्या प्रयोगांत २० ते ३० मिलिलिटरनंसुद्धा मांडीच्या आतल्या भागातला स्नायू मंदावलेला दिसला. हे प्रमाण जेमतेम दोन मोठे चमचे भरेल. दुखलं नाही तरी हा लगाम बसतो. त्यात पट्टा बांधून ठेवलेले आठवडे, मग लंगडत चालण्याचे आठवडे, आणि शेवटी दुसऱ्या पायावर भार टाकण्याची लागलेली सवय. सूज उतरते, दुखणं थांबतं, सवय मात्र आपोआप जात नाही. क्वाड्रिसेप्सचा अशक्तपणा वर्षानुवर्षं राहू शकतो तो यामुळे.

तेव्हा "मी व्यायामात कमी पडले" असं स्वतःला लावून घेऊ नका. स्नायूला हुकूम पोहोचत नसेल तर आधी तो पोहोचवावा लागतो, ताकदीचं काम त्यानंतरचं.

२. जवळ काय असू द्यावं

कागदपत्रं: पहिल्या दिवसाचा एक्स-रे, एमआरआयचा लेखी अहवाल आणि त्याच्या फिल्म किंवा सीडी, डिस्चार्जचा कागद, ऑपरेशन झालं असल्यास त्याची टिपणी, आणि फिजिओनं दिलेल्या व्यायामांची यादी तारखांसह. एमआरआयच्या अहवालात चार गोष्टी शोधा: हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा सुटला आहे का, खोबण उथळ आहे का, वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली आहे का, आणि टीटी-टीजी, म्हणजे नडगीच्या हाडावरचा वरचा उंचवटा आणि ती खोबण यांतलं आडवं अंतर, किती मिलिमीटर आहे. हे अंतर २० च्या वर असेल तर वाटीवरची बाहेरची ओढ जास्त मानली जाते. हे चार मुद्दे एका कागदावर उतरवून ठेवा. फिजिओ बदलला, गाव बदललं, तरी तो कागद कामाला येतो.

साहित्य: शिंप्याची मापाची टेप, न पुसणारं पेन, बिनचाकांची आणि बिनहातांची भक्कम खुर्ची, १० आणि २० सेंटिमीटर उंचीची पायरी किंवा न हलणारे ठोकळे, रबरी पट्टा, घोट्याला बांधायची वजनं, आणि एक वही. पुढे जिममधलं लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं यंत्र) आणि लेग एक्स्टेन्शन (बसून पाय सरळ करत वजन उचलायचं यंत्र) लागतं. त्यांना पर्याय आहेत, पण खरं सांगायचं तर शेवटची तूट माझ्या बाबतीत यंत्रांनीच भरून काढली.

३. मोजल्याशिवाय सुरुवात करू नका

मी वर्ष घालवलं ते इथेच. "आता बरं वाटतंय" हे माप नव्हे.

मांडीचा घेर असा मोजा: जमिनीवर पाय लांब करून बसा, मांडी पूर्ण सैल सोडा. वाटीची वरची कड बोटानं चाचपा. तिथून वर १५ सेंटिमीटरवर पेनानं आडवी खूण करा. दोन्ही पायांवर. टेप त्वचेला टेकेल इतपतच लावा, आवळू नका. टेप मागच्या बाजूला खाली घसरत नाही ना, हे आरशात पाहा. तीन वेळा मोजा आणि मधला आकडा लिहा. माझा डावा घेर ४९.५ आला, उजवा ४७. पेनाची ती खूण मी कित्येक दिवस पुसू दिली नव्हती. दोन्ही पायांत सेंटिमीटरभर फरक कुणाच्याही शरीरात असू शकतो, त्यानं घाबरू नका. आणि घेर म्हणजे ताकद नव्हे. सूज असेल तर घेर फसवा वाढतो, आणि स्नायू भरायच्या आधीच ताकद वाढू लागते. पण दोन-तीन महिन्यांची दिशा टेप बरोबर सांगते.

खुर्चीची चाचणी अशी: गुडघा काटकोनात येईल अशा उंचीची खुर्ची, हात छातीशी, एकाच पायावर उठायचं आणि सावकाश बसायचं. दुबळ्या पायापासून सुरुवात करा. गुडघा आत वळला, अंग एका बाजूला झुकलं किंवा धपकन बसलात, तर ती मोजणी तिथेच थांबवा. भिंतीजवळ करा, तोल गेला तर हात टेकायला.

सोय असेल तर फिजिओकडे डायनामोमीटरवर ताकद मोजून घ्या. दुखावलेल्या पायाचा आकडा भागिले चांगल्या पायाचा, गुणिले १००, ही झाली टक्केवारी. खेळात परतण्यासाठी सहसा ९० टक्क्यांची अट असते. या टक्केवारीत एक फट आहे: तुम्ही कमी हालचाल करत होता तेव्हा चांगला पायही उतरत होता. दोन दुबळ्या पायांची तुलना केली तर टक्केवारी छान येते. म्हणून नुसती टक्केवारी लिहू नका, दोन्ही पायांचे मूळ आकडे लिहा, आणि व्यायाम दोन्ही पायांचा करा.

४. आधी स्नायू जागा करा

सूज आहे का, हे रोज सकाळी पाहा. वाटीच्या आतल्या बाजूच्या खोलगट जागेवरून तळव्यानं खालून वर दोन-तीनदा निपटा, मग बाहेरच्या बाजूनं वरून खाली हात फिरवा. आतल्या बाजूला लाटेसारखा फुगवटा परत आला तर सांध्यात पाणी आहे. असं असताना वजनं वाढवणं म्हणजे ब्रेक दाबून गाडी रेटणं.

मग टॉवेलचा व्यायाम. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूनं तो खाली दाबा. पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. हात मांडीवर ठेवा. वाटीच्या वर, आतल्या बाजूला थेंबाच्या आकाराचा एक स्नायू आहे. तो हाताखाली कडक होतो का, वाटी मांडीकडे किंचित वर सरकते का, हे बोटांना कळलं पाहिजे. माझ्या डाव्या मांडीत तो लिंबाएवढा टणक व्हायचा, उजव्या मांडीत नुसती थरथर लागायची. एकदा डावी, एकदा उजवी असं आलटूनपालटून केल्यावर हळूहळू उजवीलाही जमायला लागलं.

त्यानंतर पाय सरळ ठेवून उचलणं. इथे एकच कसोटी: उचलताना गुडघा जराही वाकता कामा नये. टाच उचलल्याबरोबर गुडघा चार-पाच अंश खचत असेल, तर स्नायू अजून पूर्ण जागा झालेला नाही आणि घोट्याला वजन बांधायची वेळ आलेली नाही. अशा वेळी विजेच्या सौम्य स्पंदनांनी स्नायू आखडवणारं यंत्र उपयोगी पडतं. ते फिजिओकडून शिकून घ्या. पेसमेकर असणाऱ्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

आतल्या त्या थेंबाच्या स्नायूचे वेगळे, "खास" व्यायाम तुम्हाला जागोजागी दिसतील. पावलं बाहेर वळवून करा, गुडघ्यांत चेंडू दाबून करा, वगैरे. तो स्नायू क्वाड्रिसेप्सच्या बाकीच्या तीन स्नायूंपासून वेगळा काढून वाढवता येत नाही. सबंध क्वाड्रिसेप्स बळकट झाला की तोही होतो. मी तीन महिने चेंडू दाबण्यात घालवले.

५. दोन पायांवरून एका पायावर या

दोन पायांवरचा स्क्वॉट, म्हणजे उभ्यानं गुडघे वाकवून बसणं-उठणं, करताना शरीर गुपचूप चांगल्या पायाकडे सरकतं. आरशासमोर उभं राहून पाहा, कंबर एका बाजूला कललेली दिसेल. मी दोन वजनकाट्यांवर एकेक पाय ठेवून अर्धवट बसून पाहिलं तेव्हा उजव्या पायावर जेमतेम ३८ टक्के भार होता, आणि मला तो सारखाच वाटत होता. घरी एकच काटा असेल तर दुसऱ्या पायाखाली तितक्याच उंचीची फळी ठेवली तरी कळतं.

क्रम असा ठेवा:

आधी दोन पायांवर, ० ते ४५ अंशांपर्यंतच बसायचं. पाऊल जमिनीवर टेकलेलं असताना या टप्प्यात वाटीमागे दाब कमी येतो, खाली जाऊ तसा वाढतो. बसलेल्या अवस्थेत पाय पुढे उचलण्याच्या लेग एक्स्टेन्शनमध्ये नेमकं उलट असतं: ९० ते ४५ अंशांत दाब कमी, शेवटच्या सरळ होण्याच्या टप्प्यात जास्त. शिवाय पाय सरळ होताना वाटी खोबणीतून बाहेर येते, हे वर सांगितलंच. म्हणून सुरुवातीचे काही महिने स्क्वॉट वरच्या अर्ध्यात आणि लेग एक्स्टेन्शन खालच्या अर्ध्यात. हे एक वाक्य मला पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं असतं तर वाटीमागची कितीतरी दुखणी टळली असती.

मग भिंतीला पाठ टेकून धरून बसणं, ३० ते ४५ सेकंद. मग १० सेंटिमीटरच्या पायरीवर दुबळ्या पायानं चढणं. खालच्या पायानं जमिनीला रेटा देऊ नका. त्या पायाची बोटं वर उचलून टाचेवर ठेवलीत की रेटा देताच येत नाही.

मग पायरीवरून उतरणं. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोलाचा व्यायाम हाच. पायरीवर दुबळा पाय, दुसरा पाय हवेत पुढे. तीन सेकंद घेऊन खाली जा, दुसऱ्या पायाची टाच जमिनीला अलगद लागू द्या आणि भार न टाकता परत वर या. खाली उतरताना स्नायू लांबत लांबत भार पेलत असतो. रोजच्या जिन्यावर गुडघा दगा देतो तोही याच वेळी, चढताना फारसा नाही. तीन सेकंद मोजताना तुमचा पाय दीड सेकंदानंतर एकदम सुटत असेल, तर जिथे सुटतो तो कोन लक्षात ठेवा. पायरी त्या उंचीपेक्षा कमी करा आणि तिथून वाढवत न्या. १० सेंटिमीटरवरून २० वर यायला मला सात आठवडे लागले.

पुढे एक पाय मागे ठेवून करायचा स्प्लिट स्क्वॉट आणि एका पायावरचा लेग प्रेस.

६. वजन वाढवा, फेऱ्या नाही

बहुतेक जण इथेच अडकतात, आणि त्यात दोष त्यांचा नसतो. फिजिओचा कागद संपतो तेव्हा हातात असतात रबरी पट्टा आणि २० फेऱ्यांचे तीन संच. ते जमायला लागलं की लोक ३० फेऱ्या करतात, मग ४०. त्यानं दम वाढतो, ताकद फारशी नाही.

ताकदीसाठी ८ ते १२ फेऱ्यांतच पाय थकेल एवढं वजन हवं. बाराव्या फेरीनंतर "अजून दोन होतील, तीन नाही होणार" असं वाटलं की वजन बरोबर आहे. असे तीन संच, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एका दिवसाची सुट्टी. ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा एक-दोन जास्त सहज होऊ लागल्या की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवा. रोज करू नका. स्नायू सुट्टीच्या दिवशी भरतो.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढेल, पण टेपवर काहीच दिसणार नाही. तेव्हाची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते, हुकूम सुधारल्याची. याच काळात "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. वही पाहा: मागच्या महिन्यात किती किलो, या महिन्यात किती. टेप तिसऱ्या महिन्यात बोलायला लागते.

वाटीमागे फार दुखतं म्हणून वजन झेपतच नसेल, तर मांडीला दाबाचा पट्टा बांधून रक्तप्रवाह काही काळ मर्यादित ठेवून, नेहमीच्या कमाल वजनाच्या २० ते ३० टक्क्यांवर व्यायाम करण्याची एक पद्धत आहे. हलक्या वजनावर स्नायू वाढवायला ती कामाला येते. पण ती प्रशिक्षित फिजिओच्या देखरेखीखालीच. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साधा पट्टा आवळून घरी हे करू नका.

आहाराबद्दल थोडंच: स्नायू भरायचा तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

७. दुखण्याचा नियम

थोडं दुखलं की थांबायचं, की दात-ओठ खाऊन पुढे जायचं? दोन्ही चुकीचं. शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना तीनपर्यंत दुखणं चालेल. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे आणि सूज वाढलेली नसली पाहिजे. सकाळी गुडघा फुगलेला दिसला तर कालचा डोस जास्त झाला. पुढच्या वेळी वजन किंवा फेऱ्या एक पायरी खाली आणा, व्यायाम बंद करू नका.

मांडीच्या मांसात होणारी ठणक वेगळी, वाटीच्या मागे होणारी वेगळी. पहिली दोन दिवस राहिली तरी काळजी नाही. दुसरीवर लक्ष ठेवा.

८. कंबरेच्या बाजूचे स्नायू विसरू नका

एका पायावर उतरताना गुडघा आत कोसळतो, तेव्हा वाटीवरची बाहेरची ओढ वाढते. हे कोसळणं मांडीच्या स्नायूपेक्षा नितंबाच्या बाजूच्या स्नायूच्या दुबळेपणामुळे असू शकतं. आरशात पाहा: वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का? मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढलात तर आणखी स्पष्ट दिसतं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, घोट्यांना पट्टा लावून आडवं चालणं, आणि एका पायावरचा पूल (पाठीवर झोपून, गुडघा वाकवून, एकाच पायावर कंबर उचलणं), एवढे तीन पुरेत. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी आणि पोटऱ्यांसाठीही एकेक व्यायाम असू द्या.

९. नेहमीचे खड्डे

पट्टा किंवा ब्रेस कायमचा करून टाकणं. गर्दीत, खडबडीत वाटेवर सुरुवातीला वापरा, पण व्यायाम करताना आणि घरात तो काढायला शिका. त्याचा आधार वाटीला किती आणि मनाला किती, हे काढल्यावरच कळतं.

सायकलवर विसंबणं. सायकल सांध्याला चांगली, सूज उतरायला चांगली, पण कमाल ताकद तिच्यानं फार वाढत नाही, आणि चांगला पाय दुबळ्याचं काम बिनबोभाट करून टाकतो. सीट फार खाली असेल तर वाटीमागे दाबही वाढतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३० अंशच वाकलेला हवा.

जिन्यावर एक पाय पुढे टाकून दुसरा त्याच पायरीवर आणणं. ही सवय महिनोन्महिने राहते. कठडा धरा, पण पाय आलटूनपालटून टाका.

आणि सर्वांत खोल खड्डा: तीन महिन्यांनी दुखणं थांबलं म्हणून थांबणं. मी तेच केलं होतं.

१०. धावणं, उड्या आणि भीती

धावायला सुरुवात करण्याआधी मला फिजिओनं चार अटी घातल्या होत्या: सूज नाही, अर्धा तास भरभर चालून दुखणं नाही, २० सेंटिमीटरच्या पायरीवरून १० वेळा सावकाश उतरताना गुडघा आत जात नाही, आणि ताकद ८० टक्क्यांच्या वर. तारखेची अट नव्हती. ऑपरेशन न झालेल्यांना खेळात परतायला सहसा तीन-चार महिने तरी लागतात, एमपीएफएलच्या ऑपरेशननंतर बहुधा सहा ते नऊ. पण कॅलेंडर ताकद देत नाही, अटी पूर्ण झाल्या तरच पुढे जा.

उड्या दोन पायांवर सुरू करा, मग एका पायावर पुढे. एक उडी, सलग तीन उड्या, आडव्या रेषेवरून इकडून तिकडे जात पुढे, असं अंतर मोजा. अंतराइतकंच उतरणं महत्त्वाचं आहे. कसे उतरता याचा व्हिडिओ पाहिल्याशिवाय आकडा खरा मानू नका. दिशा बदलणं आणि वळणं सर्वांत शेवटी, कारण वाटी निसटली होती ती तशाच एका वळण्यात.

भीतीबद्दल मोकळेपणानं लिहायला हवं. डॉक्टर वाटीला बाहेरच्या बाजूला हलकेच ढकलतात तेव्हा मांडी आपोआप कडक होते, हात त्यांचा हात धरायला जातो. ती जाणीव अनेकांना वर्षभरानंतरही असते. ज्या हालचालीत वाटी गेली ती हालचाल शरीर टाळतं, आणि टाळल्यानं तेवढाच स्नायू झोपलेला राहतो. मी ती हालचाल तुकड्यांत केली. आधी दोन्ही पायांवर उभं राहून संथ वळणं, मग भार उजवीकडे देऊन, मग पाऊल टाकून, मग वेगानं. प्रत्येक तुकड्याला दोन आठवडे. फिजिओला सांगा की भीती वाटते. तोही उपचाराचा भाग आहे, आणि सांगितल्याशिवाय त्यांना दिसत नाही.

११. डॉक्टरांकडे परत कधी जायचं

गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, आत काहीतरी फिरल्यासारखं वाटतं: सुटलेला तुकडा असू शकतो. नवीन दुखापत न होता काही तासांत गुडघा टम्म फुगला. पोटरी दुखते, गरम लागते, एकाच पायाला सूज आहे: हे त्याच दिवशी दाखवा, ती रक्ताची गुठळी असू शकते, आणि सोबत दम लागत असेल तर थेट तातडीच्या विभागात. तीन महिने नियमित, वाढत्या वजनानं काम करूनही ताकद जागची हललीच नाही, तरीही जा.

आणि वाटी पुन्हा निसटली तर. पहिल्यांदा निसटल्यानंतर बहुतेकांवर ऑपरेशनशिवाय उपचार होतात. दुसऱ्यांदा निसटली की पुढे पुन्हा निसटण्याची शक्यता बरीच वाढते, आणि ऑपरेशनबद्दल बोलायची वेळ तीच. ताकदीनं खोबण खोल होत नाही, वर बसलेली वाटी खाली येत नाही. दुसऱ्या कलमातला तो कागद आता बाहेर काढा. तुमची हाडांची रचनाच वाटीच्या विरोधात असेल, तर भरपूर व्यायाम करूनही ती निसटू शकते, आणि तेव्हा स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. ऑपरेशन ठरलं तरी आधी कमावलेली मांडी वाया जात नाही. बळकट मांडी घेऊन टेबलावर गेलेल्याला नंतर सावरायला सोपं जातं.

१२. त्यानंतरची वर्षं

९० टक्क्यांवर पोहोचल्यावर आठवड्यातून तीन दिवस करायची गरज उरत नाही. मिळवलेली ताकद टिकवायला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पुरतं. संच कमी करा, फेऱ्या कमी करा, पण वजन कमी करू नका. वजन हलकं केलं की ताकद गळायला लागते.

वाटी एकदा निसटलेल्या गुडघ्यात पुढे वाटीमागची झीज होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून हे काम खेळाडूंपुरतं नाही. आजारपण, प्रवास, बाळंतपण, कामाची घाई, यांत महिना-दोन महिने खंड पडतोच. खंडानंतर जुन्या वजनावर उडी मारू नका, दोन-तृतीयांश वजनापासून सुरू करा. पहिल्यांदा जे कमवायला दहा महिने लागले ते परत मिळवायला मला पाच आठवडे पुरले.

दर सहा महिन्यांनी वही उघडते. १५ सेंटिमीटरवर खूण, तीन मापं, मग खुर्ची. गेल्या वेळी डावा पाय १७, उजवा १६. टेपवर अजून सेंटिमीटरभर फरक आहे.